जबड्यातून कानात

श्रोत्यांपैकी प्रत्येकाने एक लहानसा प्रयोग करून पाहावा. तर्जनीचे टोक कानाच्या भोकाच्या किंचित पुढे, गालावर ठेवावे आणि तोंड सावकाश उघडून मिटावे. बोटाखाली एक उंचवटा पुढेमागे सरकत असल्याचे जाणवेल. तो खालच्या जबड्याचा सांधा होय. कानाच्या नळीची पुढची भिंत आणि हा सांधा यांच्यामध्ये अंतर असे जवळजवळ नाहीच. खाण्याचे यंत्र आणि ऐकण्याचे यंत्र एवढे खेटून का असावे, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. परंतु या शेजाराला कोट्यवधी वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात एका घरचे सामान कायमचे दुसऱ्या घरी गेलेले आहे. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय ते सामान, म्हणजे मध्यकर्णातील हाडे, हा होय.

प्रथम रचना पाहू. बाहेर दिसणारी कानाची पाळी आणि तिच्यातून आत जाणारी नळी हा बाह्यकर्ण. नळीच्या टोकाशी ताणून बसविलेला पातळ पडदा म्हणजे कर्णपटल. त्याच्या पलीकडे हवेने भरलेली एक चिमुकली पोकळी आहे, तीच मध्यकर्ण. ही पोकळी एका नळीने घशाशी जोडलेली असते, आणि घाट चढताना कानाला दडे बसतात व आवंढा गिळताच ते सुटतात याचे कारण ती नळीच होय. पोकळीच्या आतल्या भिंतीपलीकडे अंतर्कर्ण असून त्यात गोगलगाईच्या शंखासारखा वेटोळे घेतलेला, द्रवाने भरलेला भाग असतो. ध्वनीचे संदेशात रूपांतर तेथे होते.

कर्णपटल आणि अंतर्कर्ण यांना जोडणारी तीन हाडांची साखळी मध्यकर्णात टांगलेली असते. हातोडीची मूठ कर्णपटलात रुतलेली, तिचे डोके ऐरणीशी सांधलेले, ऐरणीचा लांब दांडा रिकिबीला टेकलेला आणि रिकिबीचा पत्रा अंतर्कर्णाच्या एका अंडाकार खिडकीत बसविलेला, असा हा क्रम आहे. रिकीब हे मानवी शरीरातील सर्वांत लहान हाड. तिची उंची सुमारे ३ मिलिमीटर आणि वजन सुमारे ३ मिलिग्रॅम; तांदळाचा दाणाही तिच्यापुढे जड ठरेल. आणखी एक विशेष असा की, ही हाडे बालकाच्या जन्माच्या वेळीच जवळजवळ पूर्ण वाढलेली असतात. तान्ह्या मुलाच्या कानातील हातोडी आणि त्याच्या आजोबांच्या कानातील हातोडी यांच्या आकारमानात फारसा फरक नसतो.

नावांची कथाही मनोरंजक आहे. हातोडी आणि ऐरण सोळाव्या शतकाच्या आरंभी इटलीतील शरीररचनाशास्त्रज्ञांना ठाऊक झाली होती. १५४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हेसॅलिअसच्या महान ग्रंथात मात्र तिसऱ्या हाडाचा पत्ता नाही. ते १५४६ च्या सुमारास नेपल्स येथे इंग्रासिया याने ओळखले. त्याला रिकिबीचे नाव द्यावयाचे तर लॅटिनमध्ये शब्दच नव्हता, कारण प्राचीन रोमन स्वार रिकिबीशिवायच घोड्यावर बसत! म्हणून उत्तरकालीन, बनविलेला शब्द वापरावा लागला. मराठीला ही अडचण नव्हती. फारसीतून आलेला शब्द येथील घोडेस्वारांच्या तोंडी रुळलेलाच होता.

एवढ्या नाजूक यंत्राची गरज काय? हवेतील ध्वनिलहर पाण्याच्या पृष्ठभागावर आदळली म्हणजे तिच्या ऊर्जेपैकी सुमारे ९९.९ टक्के ऊर्जा परत फेकली जाते. तळ्याकाठी बसलेल्या माणसांचे बोलणे पाण्याखालच्या माशाला जवळजवळ ऐकू येत नाही ते यामुळेच. अंतर्कर्ण तर द्रवाने भरलेला आहे. कर्णपटल नसते आणि लहरी सरळ द्रवावर आदळल्या असत्या, तर हजारातील एखादाच अंश आत शिरला असता. या तुटीची भरपाई दोन युक्त्यांनी होते. कर्णपटलाचा थरथरणारा भाग सुमारे ५५ चौरस मिलिमीटर, तर रिकिबीचा पत्रा सुमारे ३.२ चौरस मिलिमीटर आहे. मोठ्या क्षेत्रावर पडलेला जोर लहान क्षेत्रावर एकवटला की दाब सुमारे १७ पटींनी वाढतो. शिवाय हातोडीचा दांडा ऐरणीच्या दांड्यापेक्षा लांब असल्याने तरफेचा थोडा लाभ मिळतो, तो सुमारे १.३ पट. दोन्ही मिळून वाढ वीस-बावीस पटींच्या घरात जाते.

येथपर्यंत सर्व ठीक. परंतु बेडूक, सरडा, कोंबडी यांच्या मध्यकर्णात तीन नव्हे, एकच हाड असते. कर्णपटलापासून अंतर्कर्णापर्यंत एक सरळ काडी, आणि तिच्यावर त्यांचे काम चालते. कोकिळेला आपल्या जोडीदाराची साद ऐकू येतेच. मग सस्तन प्राण्यांनाच तीन हाडे का? आणि ती दोन अधिक हाडे आली कोठून?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी मिळाले. फ्रेंच शास्त्रज्ञ जॉफ्र्वा सेंट-हिलेर याने १८१८ मध्ये असे मांडले की, माशाच्या कल्ल्यांवरील झाकणाची हाडे हीच सस्तनांच्या कानातील हाडे होत. कल्पना चुकीची ठरली. पण एका प्राण्याचे हाड दुसऱ्यात वेगळ्या कामावर रुजू होऊ शकते, हा तिच्यातील विचार टिकला. १८२० मध्ये जर्मन शास्त्रज्ञ मेकेल याने भ्रूणाच्या खालच्या जबड्यात एक कूर्चेची कांडी असल्याचे वर्णन केले. तिला आजही मेकेलची कूर्चा म्हणतात. पुढे १८३७ मध्ये कार्ल रायखर्ट याने डुकरांच्या भ्रूणांची सूक्ष्म तपासणी करून दाखविले की, या कांडीच्या मागच्या टोकापासूनच हातोडी व ऐरण तयार होतात. सरपटणाऱ्या प्राण्यांत त्याच जागी जबड्याच्या सांध्याची दोन हाडे तयार होतात: खालच्या जबड्याच्या मागच्या टोकाचे सांध्याचे हाड आणि ते ज्यावर टेकते ते कवटीच्या बाजूचे चौकोनी हाड. सरड्याचा जबडा ज्या दोन हाडांवर उघडतो व मिटतो, तीच दोन हाडे माणसाच्या कानात हातोडी आणि ऐरण बनलेली आहेत! रिकीब मात्र वेगळ्या घराण्यातली. भ्रूणातील दुसऱ्या कमानीपासून ती बनते आणि सरड्याच्या कानातील एकुलत्या काडीशी तिचे नाते आहे.

डार्विनचा ग्रंथ प्रसिद्ध व्हावयास त्यानंतर आणखी २२ वर्षे लागावयाची होती, हे येथे ध्यानात ठेवावे. रायखर्टला कोणताही उत्क्रांतिवाद सिद्ध करावयाचा नव्हता. भ्रूणात जे दिसले ते त्याने सांगितले. विसाव्या शतकाच्या आरंभी एर्न्स्ट गाउप या शास्त्रज्ञाने या विचाराला सर्वांगीण रूप दिले, आणि तेव्हापासून तो दोघांच्या जोडनावाने ओळखला जातो.

या नात्याची साक्ष तंत्रिकाही देतात, आणि ही साक्ष हाडांपेक्षाही बोलकी म्हणावी लागेल. हाड जागा बदलते. परंतु स्नायूला ज्या तंत्रिकेकडून आज्ञा मिळते ती तंत्रिका तो सहसा सोडत नाही. घास चावण्याचे सर्व मोठे स्नायू पाचव्या मस्तिष्क तंत्रिकेच्या आज्ञेत चालतात. हातोडीला ताणून धरणारा एक लहान स्नायू मध्यकर्णात आहे. चावण्याशी त्याचा आता काडीचाही संबंध नाही, तरी त्याला आज्ञा मिळते ती पाचव्या तंत्रिकेकडूनच. नोकरी बदलली, गाव बदलले, पण पगार अजून जुन्याच कचेरीतून येतो, असा हा प्रकार. रिकिबीला बांधलेला स्नायू सातव्या तंत्रिकेच्या ताब्यात आहे, आणि हीच तंत्रिका चेहऱ्याचे स्नायू हालविते. म्हणून चेहऱ्याच्या एका बाजूला पक्षाघात झालेल्या काही रुग्णांना त्या बाजूच्या कानात साधे आवाजही असह्य मोठे वाटतात. तोंड वाकडे झाले आणि भांड्यांचा खणखणाट सहन होईना, या दोन तक्रारींचे मूळ एकच असू शकते.

वैद्यकात हे ज्ञान केवळ कुतूहलाचे राहत नाही. काही बालके जन्मतःच अगदी लहान खालचा जबडा घेऊन येतात. ट्रीचर कॉलिन्स यांच्या नावाने ओळखली जाणारी विकृती हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. अशा बालकांच्या मध्यकर्णातील हाडेही पुष्कळदा अपुरी, वेडीवाकडी किंवा एकमेकांस चिकटलेली असतात, कारण जबडा आणि हातोडी-ऐरण ही एकाच भ्रूणकमानीची लेकरे होत. बालक हाकेला ओ देत नाही, बोलावयास शिकत नाही, आणि घरचे लोक त्याला मंदबुद्धी समजून बसतात. वस्तुतः त्याची बुद्धी बहुधा शाबूत असते आणि अंतर्कर्णही शाबूत असतो. अडलेली असते ती मधली साखळी. कवटीच्या हाडामार्गे ध्वनी पोहोचविणारे श्रवणयंत्र वेळेवर मिळाले तर असे मूल ऐकू लागते. जबडा पाहून कानाची परीक्षा करण्याचे शहाणपण डॉक्टरांना येते ते या जुन्या नात्यामुळे. प्रौढ वयात रिकीब खिडकीत घट्ट बसून जाण्याचा जो रोग होतो, त्यावर अमेरिकेतील जॉन शे यांनी १९५६ मध्ये रिकीब काढून तिच्या जागी टेफ्लॉनची कृत्रिम रिकीब बसविली. तेव्हापासून ही शस्त्रक्रिया जगभर होत आली आहे.

भ्रूण आणि तंत्रिका यांची साक्ष एवढी स्पष्ट असूनही एक आक्षेप दीर्घकाळ उभा राहिला, आणि तो क्षुल्लक नव्हता. आक्षेप असा: जबड्याच्या सांध्याची हाडे कानात गेली म्हणता, तर मधल्या काळात प्राण्याने काय करावे? जुना सांधा सुटला आणि नवा अजून तयार नाही, अशा अवस्थेत त्याचा जबडा लोंबकळत राहील. तो उपाशी मरेल. अर्ध्या सांध्याने कोणी घास चावत नाही.

याचे उत्तर युक्तिवादाने नव्हे, दगडांतून मिळाले. सस्तनांचा खालचा जबडा प्रत्येक बाजूस एकाच हाडाचा, म्हणजे दात धारण करणाऱ्या दंतधर हाडाचा असतो. ते थेट कवटीच्या शल्क हाडाशी सांधलेले असते. श्रोत्यांच्या बोटाखाली आला होता तो हाच नवा सांधा. सस्तनांचे जे प्राचीन पूर्वज होते, ज्यांना पूर्वी सस्तनसदृश सरीसृप म्हणत, त्यांच्या जबड्यात दंतधर हाडाच्या मागे आणखी कित्येक हाडे होती. दक्षिण आफ्रिकेतील कारू प्रदेशाच्या खडकांत त्यांचे अवशेष विपुल सापडतात. कालक्रमाने ते मांडले तर दंतधर हाड मोठे मोठे होत मागे सरकताना दिसते. चावण्याचे स्नायू अधिकाधिक त्याच्यावरच रोवले जातात. मागची हाडे बारीक आणि सैल होत जातात. जुन्या सांध्यावरचा भार हलका होत असल्याने ती बारीक झाली तरी प्राण्याचे काही बिघडत नव्हते.

मग १९५८ मध्ये क्रॉम्प्टन यांनी दक्षिण आफ्रिकेतील एका लहानशा प्राण्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच्या जबड्याला प्रत्येक बाजूस दोन सांधे होते: चौकोनी हाडाचा जुना आणि त्याच्या शेजारीच दंतधर हाडाचा नवा. क्रॉम्प्टन यांनी त्याचे नावच डायऱ्थ्रोग्नॅथस, म्हणजे दोन सांध्यांचा जबडेवाला, असे ठेवले. जे अशक्य म्हणून सांगितले जात होते ते अश्मीभूत होऊन समोर आले. जुना पूल पाडण्यापूर्वी शेजारी नवा बांधावा आणि काही काळ दोन्हींवरून वाहतूक चालावी, एवढीच ही गोष्ट. वेल्समध्ये आणि चीनच्या युनान प्रांतात सापडलेल्या, सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीच्या मॉर्गॅन्युकोडॉन या चिचुंदरीएवढ्या प्राण्यातही दोन्ही सांधे आहेत. तेथे भार मुख्यतः नव्यावर असून जुन्या सांध्याची हाडे जबड्याच्या आतल्या खोबणीत काडीसारखी पडून आहेत. २०२४ मध्ये ब्राझीलमधील रिओग्रांडिया या त्याहूनही जुन्या प्राण्यात नव्या सांध्याची जुळणी असल्याचे दाखविण्यात आले. तात्पर्य, नवा सांधा एकाच वंशात एकदाच उद्भवला असे मानण्याचे कारण उरलेले नाही.

परंतु ही मागची हाडे निरुपयोगी होऊन नाहीशी का झाली नाहीत? १९७५ मध्ये एडगर ॲलिन यांनी याचे उत्तर सुचविले. त्यांच्या मते ती जबड्यात असतानाच ऐकण्याचे काम करीत होती. जबड्याच्या मागील कोनी हाडाला एक पातळ पत्र्यासारखा भाग होता. त्याच्या आधाराने ताणलेला पडदा कंप पावे आणि तो कंप सांध्याच्या हाडांतून रिकिबीपर्यंत जाई. म्हणजे दोन कामांपैकी चावण्याचे काम गेले आणि ऐकण्याचे उरले. या दृष्टीने पाहता ‘जबड्यातून कानात गेली’ हा शब्दप्रयोगही फारसा नेमका नव्हे. हाडे जेथे होती तेथे कान आधीच येऊन राहिला होता. ते कोनी हाडही वाया गेले नाही. सस्तनांत कर्णपटल ज्या हाडी कड्यात ताणलेले असते, ते कडे म्हणजेच हे कोनी हाड.

शेवटची ताटातूट कशी झाली हे चीनमधील जीवाश्मांनी दाखविले. २००७ मध्ये वर्णिलेला यानोकोनोडॉन हा सुमारे १२ कोटी ५० लाख वर्षांपूर्वीचा लहान सस्तन. त्याची हातोडी व ऐरण आकाराने पूर्णपणे आधुनिक आहेत. पण हातोडी अजून जबड्याला बांधलेली आहे, आणि बांधणारा दोर म्हणजे हाड बनलेली मेकेलची कूर्चा! माणसाच्या भ्रूणात जी कांडी काही काळ दिसून नंतर नाहीशी होते, ती या प्राण्यात प्रौढपणीही टिकून होती. आजही पिशवीवाल्या सस्तनांत याचा जिवंत पुरावा मिळतो. ऑपॉसमचे पिल्लू इतक्या अपक्व अवस्थेत जन्मते की, नवा सांधा तेव्हा तयारच झालेला नसतो. आईच्या आचळाला चिकटून ते दूध पिते ते जुन्या सांध्यावर, म्हणजे त्याच हातोडी-ऐरणीवर. काही आठवड्यांनी नवा सांधा जुळतो आणि मग ही हाडे कानाच्या कामावर जातात.

ही ताटातूटही सस्तनांच्या एकाहून अधिक शाखांत स्वतंत्रपणे झाली, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. भारतातही या काळचे सस्तन होते. महाराष्ट्रात सिरोंच्याजवळ प्राणहितेकाठी असलेल्या कोटा गावावरून ज्या खडकांना नाव मिळाले, त्या प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातील ज्युरासिक खडकांतून त्यांचे अवशेष मिळाले आहेत. १९८१ मध्ये वर्णिलेल्या एकाला जे. बी. एस. हॉल्डेन यांच्या स्मरणार्थ कोटाथेरियम हाल्डेनाय असे नाव दिले गेले. मात्र हे अवशेष बहुतांशी सुट्या दातांच्या स्वरूपाचे आहेत.

तीन हाडांचा लाभ काय झाला, हा पहिला प्रश्न अजून बाकी आहे. बहुतेक पक्ष्यांची श्रवणशक्ती सेकंदाला सुमारे १० हजार कंपनांच्या आसपास संपते. माणसाची २० हजारांपर्यंत, कुत्र्याची त्याच्या दुपटीहून अधिक, आणि कित्येक वटवाघळांची एक लाखापलीकडे पोहोचते. तिन्ही हाडांची हलकी साखळी हे त्याचे एक कारण आहे, एकमेव नव्हे. अंतर्कर्णातील वेटोळ्यांचाही त्यात मोठा वाटा आहे. उलट दिशेनेही ही हाडे वळू शकतात. दक्षिण आफ्रिकेतील सोनेरी चिचुंदरीसारख्या बिळवासी प्राण्यांच्या काही जातींत डोळे कातडीखाली झाकलेले, आणि हातोडी मात्र शरीराच्या मानाने प्रचंड मोठी असते. वाळूतून येणारे मंद कंप टिपण्यासाठी तिला जडपणाच उपयोगी पडतो.

भारतीय श्रोत्यांना सर्वांत जवळचे उदाहरण जम्मू-काश्मीरमधील कालाकोटचे आहे. तेथील खडक ए. रंगा राव या भारतीय भूवैज्ञानिकांनी गोळा केले आणि १९७१ मध्ये त्यांनी इंडोहायस या लहान, खूर असलेल्या प्राण्याचे वर्णन केले. त्यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नीने ते साठवलेले दगड थेविसन या अभ्यासकांच्या स्वाधीन केले. दगडातून कवट्या मोकळ्या करीत असताना साहाय्यकाच्या हातून एक कवटी चुकून भंगली, आणि आत कानाचे हाड दिसले. त्याची आतली भिंत विलक्षण जाड व घट्ट होती. असे जाड हाड तोपर्यंत केवळ देवमाशांच्या वंशात ठाऊक होते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या शोधामुळे सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा, मांजराएवढा हा प्राणी देवमाशांचा निकटचा आप्त ठरला. भंगलेल्या कवटीतून दिसलेले हे हाड कर्णपटलाला धरून ठेवणारे, म्हणजे एकेकाळचे जबड्याचे कोनी हाडच होते.

देवमाशांच्या पूर्वजांनी पाण्यात मुक्काम हलविला तेव्हा हवेसाठी घडविलेला कान त्यांना पुरेनासा झाला. बाहेरच्या नळीचा उपयोग जवळपास संपला. १९६० च्या दशकात केनेथ नॉरिस यांनी असे प्रतिपादन केले की, दात असलेल्या देवमाशांत आणि डॉल्फिनांत ध्वनी खालच्या जबड्यातून आत येतो, आणि पुढील प्रयोगांनी त्याला पुष्टी मिळाली. त्यांच्या जबड्याच्या मागच्या भागाचे हाड पातळ असते आणि त्याच्या पोकळीत विशिष्ट चरबी भरलेली असते. ती चरबी ध्वनीला थेट मध्यकर्णाच्या हाडापर्यंत नेते. गंगेच्या गढूळ पाण्यातील जवळजवळ आंधळा डॉल्फिन, ज्याला काठचे लोक सूंस म्हणतात, आपल्या सादेचा प्रतिध्वनी ऐकून मासा हेरतो तो याच मार्गाने. त्याच्यापुरते तरी ऐकणे पुन्हा जबड्यातूनच सुरू झालेले आहे.